आधी घेणारा बोलतो

१९९६च्या जून महिन्यात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांचा एक तांत्रिक अहवाल बाहेर पडला. पानं मोजकीच. त्यात मांडलेला प्रश्न कुणालाही कळेल असा आहे. दोन संगणक आहेत. एकावर एका फाइलची नवी प्रत आहे, दुसऱ्यावर त्याच फाइलची जुनी प्रत. दोघांमधली तार सावकाश चालणारी. जुन्या प्रतीची नवी कशी करायची? अख्खी फाइल पाठवावी तर तासन्‌तास जातात. बदललेला भाग तेवढाच पाठवावा, तर काय बदललं हे कळायला दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहाव्या लागतात. आणि तशा त्या ठेवता आल्या असत्या तर पाठवण्याची गरजच उरली नसती.

ही कोंडी त्या दोघांनी ज्या रीतीनं फोडली, तिचं नाव आरसिंक. त्याच महिन्यात त्याच नावाचा प्रोग्रॅमही सर्वांसाठी खुला झाला. घरातला जुना डेस्कटॉप, मुलीचा लॅपटॉप, कपाटावर ठेवलेली बॅकअपची पेटी, अशा वेगवेगळ्या जातकुळीच्या यंत्रांमध्ये फाइली हलवण्यासाठी जगभरातली असंख्य माणसं आजही हाच प्रोग्रॅम चालवतात. उपयोगाची वस्तू म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्याच्याकडे रचना म्हणून पाहायचं आहे. फाइल हलवण्याच्या कामात खरी बुद्धी लागते ती काय हलवायचं नाही हे ओळखण्यात, आणि हे ओळखण्याचे कष्ट दोन यंत्रांमध्ये नीट वाटून देण्यात. आरसिंकच्या ओळीओळीत मला ही जाण दिसते, आणि म्हणून ते मला संगणकविद्येतल्या अव्वल दर्जाच्या रचनांपैकी एक वाटतं.

आधीची परंपरा थोडक्यात पाहू. आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या, वेगळ्या घडणीच्या यंत्रावर कशी न्यायची, याची ती पहिली रीतसर बोली. तिथे फाइल ही एक अखंड वस्तू आहे. ती इथून उचलायची आणि तिथे ठेवायची. पलीकडे आधीपासून काय आहे, याची चौकशी त्या बोलीत नाही. पुढे दोन आवृत्त्यांमधला फरक काढून तेवढाच पाठवण्याची सोय झाली, पण त्यासाठी पाठवणाऱ्याला पलीकडची जुनी आवृत्ती स्वतःपाशी बाळगावी लागे. आरसिंकनं ही अट काढून टाकली.

काढली ती संभाषणाचा क्रम उलटा करून. फाइल ज्याच्याकडून यायची त्यानं सुरुवात करावी, ही आपली स्वाभाविक अपेक्षा. आरसिंकमध्ये आधी घेणारा बोलतो. त्याच्याकडची जुनी फाइल तो ठरावीक लांबीच्या तुकड्यांमध्ये कापतो, प्रत्येक तुकड्याची एक छोटी खूण काढतो आणि खुणांची ती यादी देणाऱ्याकडे धाडतो. किराणा भरायला निघण्यापूर्वी शहाणी गृहिणी डबे उघडून पाहते आणि मगच यादी करते, तसं हे आहे. देणारा ती यादी समोर ठेवून आपली नवी फाइल चाळतो. जो भाग यादीतल्या खुणेशी जुळेल, त्याच्या जागी तो फक्त ‘तुझ्याकडचा अमुक क्रमांकाचा तुकडा घे’ असं सांगतो. जे जुळत नाही तेवढंच जसंच्या तसं पाठवतो. घेणारा या सूचना वाचत वाचत आपल्याच जुन्या तुकड्यांतून आणि आलेल्या नव्या मजकुरातून फाइल उभी करतो.

इथे थोडं थांबायला हवं. या व्यवहारात दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची फाइल पाहिलेली नाही. घेणाऱ्यानं नवी पाहिली नाही, देणाऱ्यानं जुनी पाहिली नाही, तरीही दोघांमधला फरक सापडला. शिवाय यादी एकदा गेली आणि सूचना एकदा आल्या, की काम संपलं. ‘हा तुकडा आहे का, तो आहे का’ असे हेलपाटे नाहीत. सावकाश तारेवर प्रत्येक हेलपाटा महाग पडतो, हे मनात धरूनच ही मांडणी केलेली आहे.

आता खुणांकडे येऊ, कारण रचनेचं कसब तिथे आहे. खूण म्हणजे चेकसम : तुकड्यातल्या बाइटांवर गणित करून काढलेली एक छोटी संख्या. ती पक्की असावी, म्हणजे दोन वेगळ्या तुकड्यांची खूण चुकूनही एक येऊ नये. पण पक्की खूण काढायला वेळ लागतो, आणि इथे ती किती वेळा काढावी लागेल याचा विचार केला की धडकी भरते. समजा, घरखर्चाच्या मोठ्या टिपणाच्या फाइलीत अगदी सुरुवातीला एकच अक्षर वाढवलं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे पुढचा सगळा मजकूर तीन बाइटांनी सरकला. देणाऱ्यानं आपली फाइल त्याच मापानं कापली, तर एकही तुकडा जुळणार नाही. मजकूर तोच असूनही सगळा परका ठरेल. म्हणून त्याला पहिल्या बाइटापासून, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून, अशा प्रत्येक जागेवरून तुकडा घेऊन पाहावा लागतो. २४ एमबीची फाइल असेल तर अशा जागा जवळपास अडीच कोटी होतात.

यावरचा उपाय हा मला या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. दोघांनी दोन खुणा ठेवल्या : एक स्वस्त, एक पक्की. मार्क अ‍ॅडलर यांच्या अ‍ॅडलर-३२ या चेकसमवरून स्फुरलेली ३२ बिटांची स्वस्त खूण दोन बेरजांची बनलेली आहे. पहिली बेरीज साधी. दुसरीत प्रत्येक बाइटाला त्याच्या जागेप्रमाणे वजन दिलेलं. छोटं उदाहरण घेऊ. तुकडा चार अंकांचा आहे : ३, ७, २, ५. साधी बेरीज १७. वजनाची बेरीज करताना पहिल्याला चारानं गुणा, दुसऱ्याला तिनानं, तिसऱ्याला दोनानं, चौथ्याला एकानं : १२, २१, ४, ५, मिळून ४२. वजन कशासाठी? ३ आणि ७ यांची अदलाबदल केली तर साधी बेरीज १७च राहते, वजनाची मात्र ४६ होते. क्रम बदलला की खूण बदलते.

आता एक घर पुढे सरका. ३ बाहेर गेला, ६ आत आला. तुकडा झाला ७, २, ५, ६. नव्यानं काहीच मांडायचं नाही. साधी बेरीज : १७मधून ३ वजा, ६ मिळवा, २०. वजनाची बेरीज : ४२मधून बाहेर गेलेल्या ३ची चौपट, म्हणजे १२ वजा करा आणि त्यात नवी साधी बेरीज २० मिळवा, ५०. ताडून पाहा : २८, ६, १० आणि ६ मिळून ५०च. तुकडा चार अंकांचा असो वा सातशे बाइटांचा, एक घर सरकायला एवढ्याच मूठभर बेरजा-वजाबाक्या लागतात. पहिल्या बेरजेचं उत्तर दुसरीच्या पोटात जातं, आणि त्यामुळे प्रत्येक उरलेल्या अंकाचं वजन आपोआप एकानं वाढतं. साधी बेरीज आणि वजनाची बेरीज या दोन गोष्टी एकमेकींना अशा धरून चालतात की त्यांतली एक काढली तर दुसरी लंगडी पडावी. शाळेतल्या मुलाला कागदावर करून दाखवता येईल असं हे गणित आहे, आणि कोट्यवधी जागा तपासण्याचं ओझं त्यानं उचललेलं आहे.

स्वस्त खूण अधूनमधून फसणार, हे दोघे जाणून आहेत. म्हणून देणाऱ्याकडे तीन चाळण्या आहेत. पहिली चाळणी ६५,५३६ कप्प्यांच्या तक्त्याची : या खुणेच्या वळणाचं यादीत काही आहे का, एवढंच ती पाहते. बहुतेक जागा इथेच गळून पडतात. दुसरी चाळणी पूर्ण ३२ बिटांची खूण ताडते. तीही जुळली तरच तिसरी, म्हणजे १२८ बिटांची पक्की खूण काढली जाते. मूळ अहवालात त्यासाठी एमडी४ वापरला आहे. जुळणी पक्की ठरली की शोध तुकड्याच्या शेवटावर उडी मारतो आणि तिथून पुढे चालू लागतो. महाग काम सर्वांत शेवटी, आणि तेही जिथे फळ मिळण्याची दाट शक्यता आहे तिथेच. कष्टांचा हा क्रम लावण्यात जी काटकसर आहे, तिला मी सौंदर्य म्हणतो.

अहवालातले आकडे ही काटकसर किती फळाला आली ते सांगतात. लिनक्स कर्नलच्या १.९९.१० आणि २.०.० या आवृत्त्यांच्या गठ्ठा-फाइली त्यांनी घेतल्या, प्रत्येकी सुमारे २४ एमबीच्या. जुन्या आवृत्तीतल्या २४४१ फाइलींपैकी २९१ बदलल्या होत्या, १९ काढल्या होत्या, २५ नव्यानं आल्या होत्या. दोन्ही प्रती एका जागी ठेवून नेहमीच्या साधनानं फरक काढला, तर तो २.१ एमबीचा भरला. आरसिंकनं, तुकडे फारच बारीक केले नाहीत तेव्हा, फाइलीचा साधारण ५ टक्के भागच प्रत्यक्ष पाठवला. म्हणजे दोन्ही प्रती समोर असताना काढलेल्या फरकापेक्षाही कमी. त्या काळच्या २८.८ केबीपीएस मोडेमवर २४ एमबी पाठवायला जवळजवळ दोन तास लागले असते. ७०० बाइटांचे तुकडे केले तर खुणांची यादी धरूनही हे काम दहाएक मिनिटांत उरकतं.

पण तुकडा किती लांबीचा असावा? मूळ अहवालात प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा मिळून २० बाइट होतात. तुकडे बारीक केले तर यादी फुगते. मोठे केले तर एका अक्षराच्या बदलासाठी मोठा तुकडा फुकट पाठवावा लागतो. एक खर्च लांबीबरोबर घटतो, दुसरा वाढतो. असे दोन खर्च समोरासमोर आले की त्यांचा मेळ वर्गमुळाच्या आसपास बसतो. पुढच्या काळातल्या आरसिंकनं नेमकं तेच केलं : लहान फाइलींना ७०० बाइटांचा तुकडा आणि त्यापेक्षा मोठ्या फाइलींना फाइलीच्या आकाराच्या वर्गमुळाएवढा, एका मर्यादेपर्यंत. वापरणाऱ्याला हे कधी दिसत नाही, पण फाइलगणिक हा तोल नव्यानं साधला जातो.

प्रोग्रॅमच्या अंतर्रचनेतही हाच विचार आहे. आरसिंक चालू झालं की तीन प्रक्रिया कामाला लागतात. घेणाऱ्या बाजूची एक प्रक्रिया खुणा काढून धाडते. देणाऱ्या बाजूची प्रक्रिया त्या जुळवून सूचना पाठवते. घेणाऱ्या बाजूची दुसरी प्रक्रिया सूचना वाचून फाइल बांधते. प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. पहिल्या फाइलीची बांधणी चाललेली असताना दुसरीची जुळवणी आणि तिसरीच्या खुणा चालू असतात. कुणी कुणाच्या उत्तरासाठी हात बांधून बसत नाही. आणि शेवटी पूर्ण फाइलीची एक खूण दोन्ही बाजूंनी काढून ताडली जाते. ती जुळली नाही तर तीच फाइल अधिक लांब खुणा घेऊन पुन्हा केली जाते. पहिल्या फेरीत खुणा आखूड ठेवण्याचं धाडस या शेवटच्या ताडणीच्या भरवशावर आहे.

एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. घरातल्या नेटवर्कवर या सगळ्याची गरज आहे का? राउटरला केबलनं जोडलेली दोन यंत्रं सेकंदाला शंभरेक एमबी सहज हलवतात. तिथे तार वेगवान आणि डिस्कच सावकाश, असंही होतं. आरसिंकची माहितीपुस्तिका हे उघड सांगते : तार डिस्कपेक्षा वेगवान असेल तर अख्खी फाइल पाठवणंच बरं. आणि दोन्ही पत्ते एकाच यंत्रावरचे असतील तर आरसिंक आपलं सर्वांत प्रसिद्ध कसब स्वतःहून बाजूला ठेवतं आणि फाइल सरळ उतरवून काढतं. आपली खासियत कुठे दाखवायची नाही हे ज्याला कळतं, त्याची समज मी मोठी मानतो.

यातून घरच्या वापरासाठी महत्त्वाची गोष्ट निघते. पुष्कळ जण बॅकअपच्या पेटीवरचं फोल्डर आपल्या लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून घेतात आणि त्यावर आरसिंक चालवतात. लॅपटॉपला ते फोल्डर आपल्याच घरचं वाटतं. आरसिंकलाही तसंच वाटतं, म्हणून खुणांचं कसब बंद पडतं. हट्टानं सुरू केलं तरी फायदा नाही. जुन्या फाइलीच्या खुणा काढायला ती अख्खी फाइल नेटवर्कवरून ओढून आणावी लागते, म्हणजे जे वाचवायचं तेच खर्च झालं. आरसिंकला दोन्ही टोकांना आपला एकेक माणूस लागतो, जो आपल्या डिस्कजवळ बसून वाचेल आणि तारेवरून फक्त निष्कर्ष कळवेल. पेटीवर एसएसएच, म्हणजे दुरून आज्ञा देण्याची सोय, चालू करून तिथलंच आरसिंक बोलावलं, की रचना पुन्हा उभी राहते.

ट्रिजेल यांचंच दुसरं मोठं काम इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या त्या पेटीत बहुधा साम्बा चालू असतं, आणि साम्बाही त्यांनीच १९९१-९२च्या सुमारास, तारेवरून जाणारी पाकिटं न्याहाळून लिहायला घेतलं होतं. युनिक्सच्या यंत्रावरच्या फाइली विंडोजच्या यंत्राला आपल्याच ओळखीच्या वाटाव्यात, हे साम्बाचं काम. साम्बा दोन यंत्रांमधलं वेगळेपण झाकतं. आरसिंक दोन प्रतींमधला फरक मोजतं. घरात दोन्ही लागतात. आईला फोटो उघडून पाहायचे असतील तेव्हा वेगळेपण झाकलेलंच बरं. रात्री बॅकअप घ्यायचा असेल तेव्हा मात्र फरक मोजणारं हवं.

आणि घरी तो फरक बहुतेक वेळा बाइटांच्या पातळीवर जातच नाही. फोटो एकदा काढला की सहसा बदलत नाही. लग्नाच्या अल्बमचे हजारो फोटो, आजोबांच्या आवाजातल्या ध्वनिफिती, स्कॅन केलेली जुनी पत्रं, यांच्यासाठी आरसिंकचं साधं निरीक्षण पुरतं : आकार तोच आणि शेवटच्या बदलाची वेळ तीच असेल तर फाइल तीच समजायची आणि पुढे जायचं. म्हणून वेळा जपणारा ‘आर्काइव्ह’ हा पर्याय जवळजवळ प्रत्येक आज्ञेत दिसतो. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर वेळेची नोंद दोन सेकंदांच्या टप्प्यानं होते, त्यामुळे तीच फाइल वेगळी भासते. त्यासाठी एका सेकंदाची सवलत देण्याचाही पर्याय आहे. या भरवशाला एक काळी बाजू आहे. डिस्क खराब होऊन फाइलीतला मजकूर नासला आणि आकार-वेळ तशीच राहिली, तर हे निरीक्षण फसतं. तेव्हा खुणांनी ताडून पाहण्याचा सावकाश पर्याय अधूनमधून चालवावा लागतो.

काही सौंदर्यस्थळं अगदी लहान आहेत. पहिलं एका स्लॅशचं. ‘फोटो’ या फोल्डरच्या नावापुढे स्लॅश नसेल तर पलीकडे ‘फोटो’ नावाचं फोल्डर जातं. स्लॅश दिला तर फक्त त्यातला ऐवज जातो. नवखा माणूस इथे वैतागतो, आणि त्याचा वैताग मी समजू शकतो. तरीही मला हे चिन्ह योग्य वाटतं. भांडं द्यायचं की भांड्यातलं द्यायचं, हा खरोखरच वेगळा बेत आहे, आणि तो सांगायला एक चिन्ह पुरतं. मात्र ज्या रचनेत एका चिन्हावर एवढं अवलंबून आहे, तिथे लेखकांनी रंगीत तालमीचीही सोय ठेवली आहे : काहीही न हलवता काय काय घडलं असतं ते दाखवणारा पर्याय. पलीकडचं जादा ते पुसणारा पर्याय लावण्यापूर्वी ही तालीम केलीच पाहिजे.

दुसरं, फाइल बांधण्याची रीत. नवी फाइल आधी त्याच फोल्डरात लपलेल्या तात्पुरत्या नावानं तयार होते, आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं. वीज गेली, वायफाय तुटलं, तरी जुनी फाइल शाबूत. अर्धवट फाइल राखून ठेवायला सांगितलं असेल, तर पुढच्या वेळी ती अर्धी फाइल जुनी प्रत म्हणून वापरली जाते. तिच्या खुणा जातात, जुळतात, आणि फक्त उरलेला मजकूर येतो. तुटलेलं काम पुढे चालवण्यासाठी निराळी युक्ती करावी लागली नाही. मूळ कल्पनेनंच ते निभावलं. चांगल्या कल्पनेची ही परीक्षा असते. जे प्रश्न डोळ्यांसमोर नव्हते, तेही ती सोडवते.

तिसरं थेट आपल्या लिपीशी येऊन भिडतं. ‘सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी’ अशा नावाचे फोटो मराठी घरात असणारच, आणि त्यातल्या अर्ध्या र-साठी युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ वापरतात. हा ऱ एक चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता असाही. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नाव साठवताना त्याची फोड करून दोन चिन्हं करते. लिनक्स जसं आलं तसं ठेवतो. डोळ्यांना नाव एकच, बाइटांना दोन. आरसिंकला तो फोटो नवा वाटतो आणि पेटीत एकाच नावाच्या दोन प्रती दिसू लागतात. २००८मध्ये आलेल्या ३.०.० या आवृत्तीत नावांची लिपी-मांडणी बदलून देणारा पर्याय आला आणि ही अडचण सुटण्याची वाट झाली. पण मॅकबरोबर अनेक वर्षं २.६.९ हीच जुनी आवृत्ती येत राहिली, तेव्हा तिथे नवी आवृत्ती स्वतः बसवावी लागे. वेगवेगळ्या संगणकांमध्ये फाइली हलवणं म्हणजे नुसते बाइट हलवणं नव्हे, नावं आणि वेळा यांचे दोन वेगळे शिरस्ते जुळवणंही आहे, हे या एका ऱ-वरून चांगलं कळतं.

मर्यादाही रसिकानं मोकळेपणानं पाहाव्यात. दाबून लहान केलेल्या किंवा कुलूपबंद केलेल्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी पुढचा बहुतेक मजकूर पालटतो. तिथे खुणा जुळत नाहीत. फोल्डरचं नाव बदललं तर आरसिंक ते ओळखत नाही, सगळं पुन्हा पाठवतं. दोन्ही बाजूंनी बदल झाले असतील तर कुणाचं खरं, याचा निवाडा ते करत नाही. ते एका दिशेचंच काम आहे. दुहेरी कामासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकारानं झालेलं युनिसन आहे, आणि त्यानंही तुकड्यांच्या खुणांची हीच कल्पना घेतली आहे. एमडी४ जाऊन एमडी५ आला, २०२०च्या ३.२.० आवृत्तीत त्याहून चपळ एक्सएक्सहॅश आला; खुणा बदलल्या, सरकत्या बेरजेची रचना तशीच आहे.

आरसिंक आपलं काम संपवताना एक ओळ छापतं. त्यात फाइलींचा एकूण आकार असतो आणि ‘स्पीडअप’ म्हणून एक आकडा. नावावरून तो वेगाचा वाटतो. प्रत्यक्षात एकूण आकाराला तारेवरून आल्या-गेल्या बाइटांनी भागलं की तो मिळतो. पहिल्यांदा सगळं नवं असताना तो एकाच्या आसपास राहतो. तीच आज्ञा लगेच पुन्हा द्या, आणि तो शेकड्यांत, हजारांत जातो, कारण हलवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ज्यांच्या घरी दोन संगणक आहेत त्यांनी ही ओळ एकदा लक्ष देऊन वाचावी आणि मग ट्रिजेल-मॅकेरास यांचा अहवाल उघडावा. तो समजायला बेरीज, वजाबाकी आणि थोडा धीर पुरतो. इतक्या साध्या साहित्यातून इतकी टिकाऊ गोष्ट कशी उभी राहते, हे पाहण्याचा आनंद फक्त संगणकवाल्यांपुरता राहू नये, असं मला मनापासून वाटतं.